दुसऱ्या खुर्चीची गोष्ट



आमच्या नागपुरात होळी पेटली, की घरोघरचे कूलर बाहेर निघतात. आठ महिने गच्चीवर नाहीतर जिन्याखाली झाकून ठेवलेला तो पत्र्याचा डबा अंगणात येतो. जुनी खस उपसायची, नवी भरायची, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहायचे, अशी एकच धांदल उडते. या दिवसांत खस भरून देणारी पोरे सायकलवरून हाका देत गल्लोगल्ली फिरतात. महिना दीड महिना ती सगळ्यांना हवीशी असतात. मग वर्षभर त्यांची कोणाला आठवणही होत नाही.

अशाच एका पोराची आणि एका वृद्ध गृहस्थाची गोष्ट घेऊन माझ्या कॉलेजातल्या सात विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून एक लघुपट केला. तो कसा केला, आमचे कुठे चुकले आणि अखेरीस त्याने आम्हांला काय शिकवले, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

आपण म्हणाल, पीकपाणी, बाजारभाव, हवामान यांच्या पंगतीत हा लघुपट कुठून येऊन बसला? प्रश्न रास्त आहे. पण जरा आपल्या आळीतून एक फेरी मारून पाहा. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला, आणि वाड्यात एकच म्हातारी, असे एक तरी घर दिसेल. तिकडे शहरात, दहा बाय दहाच्या खोलीत, परीक्षेची पुस्तके पुढे घेऊन बसलेला आपल्याच गावचा मुलगा दिवसातून चार वाक्येही कोणाशी बोलत नसेल. एकटेपणा असा दोन्ही टोकांना असतो. आणि दोन्ही टोकांच्या हातांत आज एक मोबाइल आहे, ज्यात चांगला कॅमेरा आहे. म्हणून हा विषय.

लघुपट म्हणजे काय, ते आधी सांगतो. कादंबरी आणि लघुकथा यांत जो फरक, तोच मोठ्या चित्रपटात आणि लघुपटात. पाचदहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, एकच गोष्ट सांगायची. आणि कोणा कंपनीच्या पैशावाचून, आपल्या हिमतीवर केला, तर तो स्वतंत्र लघुपट.

ही हिंमत आपल्याकडे नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याआधी त्यांनी एक चिमुकली फिल्म केली होती, ती मला अधिक प्रिय आहे. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि दररोज थोडे थोडे चित्रण करीत गेले. पडद्यावर बी फुटले, कोंब आला, वेल वर चढला, तो सगळा काही क्षणांत! भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला तो या वाटाण्याच्या वेलामुळे. ना नट, ना राजवाडा. एक कुंडी आणि धीर, एवढेच भांडवल.

आपल्या काळातले उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात जेऊर म्हणून गाव आहे. तिथल्या नागराज मंजुळे या तरुणाने, त्या वेळच्या अहमदनगरच्या कॉलेजात शिकत असताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ नावाचा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटाला मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. पुढे मोठे चित्रपट गाजल्यावरही ते लघुपटाकडे परत आले. २०१७ च्या ‘पावसाचा निबंध’मध्ये गुरुजी वर्गात पावसावर निबंध लिहायला सांगतात आणि इकडे मुलाचे घर त्याच पावसाने गळत असते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, असा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी दिलेला आहे. ज्याच्या घरावर धड छप्पर नाही त्याने पावसाचे सौंदर्य काय लिहावे, हे आपण विचारले नाही. त्या लघुपटाने विचारले.

आता आमच्या धडपडीकडे येतो.

गोष्ट एका विद्यार्थिनीने आणली, आणि ती अर्ध्या पानाची होती. महालातल्या एका जुन्या घरात एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. ओसरीवर दोन खुर्च्या, बसणारा एक. उन्हाळा तोंडावर आला म्हणून ते खस भरणाऱ्या पोराला हाक मारतात. पोरगा येतो, काम करतो, चहा घेतो, चार शब्द बोलतो, पैसे घेतो आणि जातो. दोन दिवसांनी कूलर पुन्हा पाणी चढवत नाही. पोरगा येऊन पाहतो, तर पंपावरची रबरी नळी निसटलेली. बसवून देतो. तीन दिवसांनी तीच तक्रार, तीच नळी. आता पोराच्या ध्यानात येते, की नळी आपोआप निसटत नाही, कोणीतरी ती काढून ठेवते. तो काही बोलत नाही. मुकाट्याने नळी बसवतो आणि पैसे घेत नाही. पुढच्या खेपेला तो अवजारांची पिशवी न घेताच येतो आणि दुसऱ्या खुर्चीवर बसतो. संपली गोष्ट.

मला ती ऐकताक्षणी आवडली. कारण यात एकटेपणा कोणी तोंडाने बोलून दाखवीत नाही. नळी बोलते.

म्हाताऱ्याचे काम करायला आम्ही नट शोधला नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले आणि गोष्टीतल्यासारखेच एकटे. मुले त्यांना काकाजी म्हणू लागली. आजही मी त्यांना तेच म्हणेन. पोराचे काम गोंदिया जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याकडे दिले. तो नागपुरात खोली घेऊन राहत होता, वर्गात कधी तोंड उघडत नव्हता, पण झाडीपट्टीच्या नाटकांत त्याने लहानपणापासून कामे केली होती.

इथेच पहिली अडचण आली. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते, मांडवात शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू गेले पाहिजे असे बोलावे लागते. आमचा मुलगा तसाच खणखणीत बोलला. मोबाइल त्याच्यापासून दोन हातांवर होता! शेवटी काकाजीच त्याला म्हणाले, “बापू, ओरडू नको. मी इथंच बसलो आहो ना तुझ्यापाशी.” त्या क्षणापासून त्याचा आवाज उतरला. दिग्दर्शनाचा याहून चांगला धडा मला देता आला नसता.

दुसरी अडचण माझी होती. मराठीचा प्राध्यापक पडलो. काकाजींसाठी मी एक लांबलचक स्वगत लिहून ठेवले होते. ‘या भिंतीच आता माझ्या सोबती’ अशा थाटाचे. काकाजींनी चष्मा लावून ते वाचले, कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, “सर, असं कोणी बोलते का जी? एकटा माणूस बोलतच नाही. बोलला तं रेडिओशी बोलते. बातम्या देणाऱ्या बाईनं नमस्कार म्हटलं, का मी म्हणतो, नमस्कार बाई.”

स्वगत गेले आणि हा नमस्कार चित्रपटात आला. आमच्या लघुपटातले लोकांना सर्वांत लक्षात राहणारे वाक्य हेच, आणि ते माझे नाही.

तिसरी अडचण आवाजाची. एप्रिल महिना, पारा बेचाळिसाच्या पुढे, आणि गोष्टच कूलरची! कूलर चालू ठेवला की बोलणे ऐकू येत नाही, बंद केला की माणसे घामाने भिजतात. यावर उपाय असा असतो, की बोलणे कूलर बंद ठेवून टिपायचे, कूलरची घरघर वेगळी टिपायची आणि संकलन करताना हवी तेवढी मिसळायची. फ्रिजही बंद करावा लागतो, त्याचा बारीक गुणगुणाट कानाला कळत नाही पण यंत्राला कळतो. पहिल्या दिवशी आम्ही तो बंद केला आणि पुन्हा सुरू करायला विसरलो. काकाजींचे लिटरभर दूध नासले. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच दूध घेऊन गेलो, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आम्ही शिकलो. प्रत्येक जागी, सगळ्यांनी गप्प राहून, अर्धा मिनिट नुसती शांतता टिपून ठेवायची. संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट तिने भरतात, नाहीतर आवाज एकदम तुटल्यासारखा होतो. आम्ही काकाजींच्या ओसरीवरची शांतता टिपली आणि संध्याकाळी ऐकली. भिंतीवरचे घड्याळ, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, दूरवर कोणाच्या तरी दारात हसणारी मुले. शांतता म्हणतात ती अशी, दुसऱ्यांच्या घरांतल्या आवाजांनी भरलेली. एकटेपणाचे याहून नेमके वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचले नाही. आपण रेडिओ ऐकणारी माणसे आहात, आपल्याला हे अधिक सांगणे न लगे.

आवाजाचे असे महत्त्व जाणणारा एक मराठी लघुपट आहे, उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना त्यांनी तो केला, आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. घरात पोटापाण्यासाठी पिठाची गिरणी येते. लहान मुलाला आधी तिचा आनंद होतो, आणि मग तिची घरघर त्याचे बालपण व्यापून टाकते. एका यंत्राच्या आवाजात एका मुलाचे सारे दुःख मावते. संधी मिळाली तर आपल्या वर्गाला अवश्य दाखवा.

आमचे चित्रण तीन दिवस चालले. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, कारण दुपारच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि चेहरा ओळखू येत नाही. तिवई एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून उसनी आणली. सर्वांत मोठा खर्च तर्री-पोह्यांचा. चार तासांचे चित्रण झाले, त्यातून अकरा मिनिटे ठेवली. जे चित्र काढून टाकले तरी गोष्ट समजते, ते काढून टाकायचे, हा एकच नियम पाळला. माझ्या आवडीची दोन दृश्ये त्यात गेली. गेली ती बरी झाली.

कॉलेजात लघुपट दाखवला, टाळ्या पडल्या. दोन ठिकाणी स्पर्धेला पाठवला, एका ठिकाणी कौतुक झाले. मुले परीक्षेला लागली, मी पेपर तपासायला लागलो. पाहता पाहता पावसाळा सरला.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला आनंद वाटतो. पुढची सांगताना वाटत नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी मी काकाजींकडे गेलो, लघुपटाची प्रत द्यायला. होय, ज्यांच्या चेहऱ्यावर सगळा लघुपट उभा होता त्यांनाच आम्ही तो सहा महिने दाखवला नव्हता. कॉलेजच्या कार्यक्रमाला बोलावणे धाडले होते, पण रिक्षाने घेऊन यायला कोणी गेले नव्हते. ओसरीवर त्या दोन खुर्च्या तशाच होत्या. काकाजींनी चहा केला. पोरांची नावानिशी चौकशी केली. मग सहज म्हणाले, “शूटिंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठा माठ भरून ठेवला होता. आठ माणसांचं पाणी. सवय झाली होती ना जी.”

मी काही बोललो नाही. ते हसून पुढे म्हणाले, “आता तं थंडीही आली. कूलर बंद. नळी काढून कोणाले बोलावू?”

श्रोतेहो, एकटेपणावर लघुपट करणाऱ्या आम्हा शहाण्या माणसांना ते वाक्य असे लागले, की त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही त्यांचा एकटेपणा तीन दिवस उसना घेतला, त्यावर टाळ्या मिळवल्या आणि परत करताना तो आणखी वाढवून परत केला. तिवई मात्र त्याच संध्याकाळी वेळेवर परत दिली होती!

सोमवारी मी मुलांना जमवले आणि सगळे सांगितले. मुले भली. त्यांनी लगेच वेळापत्रक केले. सोमवारी कोणी जायचे, मंगळवारी कोणी. ते घेऊन आम्ही काकाजींकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि माझ्या स्वगतासारखाच घडी करून परत दिला. “हजेरी नका लावू जी. दवाखान्यात पाहायले येतात तसं नको.”

मग गोंदियाचा तो मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नसे, म्हणाला, “काकाजी, मला गणित येत नाही. शेकडेवारी आणि सरासरी. परीक्षा फेब्रुवारीत आहे.” पार्सल ऑफिसात सारा जन्म वजने आणि दर यांचे हिशेब केलेले काकाजी ताठ बसले. म्हणाले, “पुस्तक आण.”

तेव्हापासून दर रविवारी तो जातो. कधी आणखी एखादा जातो. काकाजी त्याचे गणित तपासतात आणि चुकले तर रागावतात. तो त्यांच्या मोबाइलवरून मुलाला चित्रासह फोन कसा लावायचा ते शिकवतो. मुलाच्या खोलीतला एकटेपणा आणि ओसरीवरचा एकटेपणा यांनी एकमेकांचे काम पत्करले. आमच्या गोष्टीतही तेच होते, पण मला ते लिहिताना कळले नव्हते. तिथे पोरगा दया म्हणून थांबत नाही. तो घरापासून दूर आलेला, उन्हात फिरणारा, त्यालाही एक खुर्ची हवी असते.

मैत्रीला गरज दोन्हीकडून लागते. एकाने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, हा उपकार झाला, आणि उपकाराच्या खुर्चीवर माणूस फार वेळ बसत नाही. मध्ये काहीतरी काम लागते, एखादी वस्तू लागते. आमच्या नागपुरातलेच उदाहरण आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतल्या मुलांना एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी मुलांना उपदेश केला नाही, फुटबॉल दिला. कॉलेजचा शिक्षक आणि रस्त्यावरची पोरे, यांच्यात एरवी काय बोलणे व्हायचे? चेंडू आला आणि बोलणे सुरू झाले. त्यातून ‘स्लम सॉकर’ हे काम उभे राहिले. त्यावरून स्फूर्ती घेऊन नागराज मंजुळे यांनी नागपुरात ‘झुंड’ चित्रित केला. तो २०२२ मध्ये आला, आणि त्यात अमिताभ बच्चन यांच्याबरोबर उभी राहिलेली बरीचशी पोरे कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेली, इथल्या वस्त्यांतली होती. तिथे चेंडू, आमच्याकडे नळी आणि मग शेकडेवारी.

आता शिक्षकांसाठी चार शब्द. आपल्या शाळेत हा उपक्रम जरूर करा. गोष्ट अर्ध्या पानात मावेल एवढीच घ्या. ती आपल्या आळीतलीच असू द्या, कारण मुंबईची गोष्ट मुंबईची माणसे अधिक चांगली सांगतील. मोबाइल आडवा धरा आणि हलू देऊ नका, तिवई नसेल तर धान्याच्या पोत्यावर टेकवा. कॅमेऱ्याचा मोबाइल वेगळा, आणि बोलणाऱ्याच्या खिशात दुसरा मोबाइल आवाज टिपण्यासाठी ठेवा, चित्रापेक्षा आवाजानेच लघुपट अधिक बिघडतो. माणसाला त्याच्या बोलीत बोलू द्या, वऱ्हाडी असो की झाडी. ज्याचे घर, ज्याचा चेहरा, त्याला काय करणार आहोत ते आधी नीट समजावून सांगा आणि त्याची परवानगी घ्या. नको म्हणाला तर तिथेच थांबा.

आणि लघुपट तयार झाला, की पहिला खेळ त्याच्याच अंगणात करा. आम्ही तो अखेर केला. काकाजींच्या ओसरीसमोर चादर बांधली, शेजारच्या घरातली माणसे आली, ज्यांच्या कुकरची शिट्टी आम्ही टिपली होती तीही आली. बारा वर्षे भिंतीला भिंत लागून राहत असूनही त्यांनी त्या ओसरीवर कधी पाय ठेवला नव्हता. खुर्च्या पुरल्या नाहीत. त्यांनी आपल्या घरून आणल्या.

काकाजी शेवटपर्यंत गंभीरपणे पाहत होते. संपल्यावर मी विचारले, “कसा वाटला?”

“चांगला आहे,” ते म्हणाले. “पण नळी इतक्या सहज निघत नाही जी. पकडीनं काढावी लागते.”

म्हणजे ती त्यांनी कधीतरी खरोखरच काढून पाहिली होती. शूटिंगच्या आधी की नंतर, हे मी विचारले नाही.

श्रोतेहो, आपल्याही आळीत अशी एखादी नळी निसटत असेल. कोणी म्हातारी उगाच मीठ मागायला येत असेल, कोणी पोरगा तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारत असेल. लघुपट कराल तेव्हा करा. तूर्त नळी बसवून द्या, आणि जरा वेळ बसा.

नमस्कार.